कड्यावरून पडणाऱ्याला कात्री लावताना

विजेवर चालणारा रेफ्रिजरेटर पाठीला बांधलेला, त्याला खिमा करायचे यंत्र जोडलेले, यंत्रातून भराभर पडणारा बर्फ आणि त्या बर्फावरून घसरण्यासाठी पायांत लांब पट्ट्या, अशा जामानिम्यानिशी एक हडकुळा कायोटी (अमेरिकेतला लांडग्याच्या जातकुळीचा प्राणी) भर उन्हात वाळवंटातल्या उतारावरून एका पक्ष्याच्या मागे निघतो. यंत्र उत्तम चालते. बर्फाचा रस्ता पायांपुढे आपोआप तयार होत जातो, वेग वाढत जातो, पक्षी टप्प्यात आल्यासारखा वाटतो. मग डोंगर संपतो, आणि कायोटी दरीवरच्या मोकळ्या हवेत जाऊन पोहोचला तरी रेफ्रिजरेटर मात्र इमानेइतबारे बर्फ पाडतच राहतो. १७ सप्टेंबर १९४९ रोजी वॉर्नर ब्रदर्सने प्रदर्शित केलेल्या ‘फास्ट अँड फरी-अस’ या लघुपटातला हा प्रसंग आहे. कायोटी आणि रोड रनर नावाचा तो पक्षी ही जोडी पडद्यावर आली ती या लघुपटात. दिग्दर्शक चक जोन्स आणि कथालेखक मायकेल मॉल्टीझ यांना त्या काळात बोकाळलेल्या पाठलागाच्या कार्टूनपटांची थट्टा करायची होती. प्रेक्षकांनी ती थट्टा बाजूला ठेवून तोच पाठलाग आवडीने पाहिला, १९५२मध्ये पुढचे लघुपट आले, आणि १९६४पर्यंत जोन्सच्या हातून या जोडीचे वीसहून अधिक लघुपट झाले.

असे लघुपट लहान मुलांना जसेच्या तसे दाखवावेत की त्यांतली पडझड, स्फोट आणि चेंदामेंदा कापून दाखवावा, हा वाद अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी जोरात होता आणि आपल्याकडे तो वेगळ्या वेषात आज घरोघरी चालू आहे. माझे मत कापण्याच्या विरोधात आहे. मात्र ते ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ या नेहमीच्या कारणासाठी नाही, आणि ‘आम्हीही हेच पाहून मोठे झालो, आमचे काय बिघडले’ या त्याहून लंगड्या कारणासाठी तर मुळीच नाही. या लघुपटांत हिंसा आहे हे मी मान्य करतो. तिच्याकडे पाहताना आपण कोणता भाग धोकादायक समजतो आणि कोणता निरुपद्रवी, यातच आपली गफलत होते, आणि कात्री नेमकी त्या गफलतीच्या जागी चालते.

त्यासाठी आधी हे लघुपट कसे रचलेले आहेत ते नीट पाहावे लागेल. सहा-सात मिनिटांत कायोटी आठ-दहा प्रयत्न करतो. प्रत्येक प्रयत्नात वेळ जातो तो तयारीत. ‘अ‍ॅक्मे’ या कंपनीचे खोके येते, ते उघडले जाते, यंत्र जोडले जाते, नकाशा मांडला जातो, दोरी ताणली जाते, खडकाआड दबा धरून बसले जाते. आणि या सगळ्या काळात कायोटीच्या चेहऱ्यावर एखाद्या नव्या उद्योजकाचा आत्मविश्वास असतो. प्रत्यक्ष आपटणे क्षणभराचे असते. त्या क्षणाचेही मोजमाप काटेकोर होते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे सुटी चित्रे, असतात. जोन्स सांगत असे की दरीत पडणारा कायोटी लहान होत होत दिसेनासा व्हायला १८ फ्रेम्स लागतात, आणि त्यानंतर बरोबर १४ फ्रेम्सनी तळाशी धुळीचा लहानसा लोट उठला पाहिजे. १३ला हसू येत नसे आणि १५लाही येत नसे. चौदा फ्रेम्स म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. त्या वेळात पडद्यावर काहीच घडत नाही. जे घडते ते पाहणाऱ्याच्या मनात घडते: आता आपटणार हे त्याला ठाऊक असते, कशामुळे आपटणार हेही ठाऊक असते, आणि धुळीचा लोट येऊन त्याच्या त्या जाणिवेवर फक्त शिक्कामोर्तब करतो.

त्याआधीचा क्षणही विसरता येत नाही. कडा संपल्यावर कायोटी लगेच पडत नाही. तो हवेत धावत राहतो, थांबतो, पायाने चाचपतो, खाली पाहतो, मग आपल्याकडे पाहतो, आणि चूक उमगल्यानंतरच गुरुत्वाकर्षण त्याला ओढून घेते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे, पण कथेच्या दृष्टीने पडणे आणि उमगणे यांना एकमेकांशी बांधून टाकणारी यापेक्षा नेमकी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

जोन्सने १९८९च्या आपल्या आत्मकथनात या मालिकेचे काही नियम दिले आहेत. ‘बीप बीप’ असा आवाज करण्यापलीकडे पक्ष्याने कायोटीला कसलीही इजा करायची नाही. कायोटीचे नुकसान बाहेरच्या कोणत्याही शक्तीने करायचे नाही; ते त्याच्या स्वतःच्या अव्यवहारीपणाने किंवा अ‍ॅक्मेच्या मालाच्या अपयशानेच व्हायचे. शक्य असेल तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सर्वांत मोठा शत्रू असला पाहिजे. त्याला इजेपेक्षा फजितीच जास्त झाली पाहिजे. आणि तो हा खटाटोप केव्हाही थांबवू शकतो, फक्त त्याने हट्टाला पेटलेले नसले पाहिजे. हे नियम आपण कधी ऐकलेच नव्हते असे खुद्द मॉल्टीझने एका मुलाखतीत सांगितले होते, त्यामुळे ते आधी ठरवून पाळलेले नसून काम करता करता अंगवळणी पडलेले आणि मागाहून शब्दांत मांडलेले असावेत असे मानायला जागा आहे. शिवाय पहिल्याच लघुपटात पक्षी बूमरँगला बूमरँगने उत्तर देतो, म्हणजे पहिला नियम तिथेच मोडलेला आहे. तरीही एकूण मालिका पाहिली तर ती या नियमांबरहुकूम चाललेली दिसते, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढे पुरेसे आहे. इथे जो मारायला निघतो तोच मार खातो, आणि ज्याला मारायचे असते तो रस्त्यावरून सरळ निघून जातो.

आपल्या पंचतंत्रातल्या सिंहाची गोष्ट इथे आठवते. रोज एक प्राणी खाणाऱ्या सिंहाला ससा विहिरीपाशी नेतो, पाण्यातले प्रतिबिंब दुसरा सिंह म्हणून दाखवतो, आणि सिंह त्याच्यावर झेप घेऊन बुडतो. हीसुद्धा शिकाऱ्याच्या अंगलट आलेल्या शिकारीची गोष्ट आहे आणि ती आपण पिढ्यान् पिढ्या बिनदिक्कत मुलांना सांगत आलो आहोत. सिंह शेवटी बुडून मरतो म्हणून ती कुणी कापून सांगितल्याचे ऐकिवात नाही. पण या दोन गोष्टींत एक फरक आहे आणि तो कायोटीच्या बाजूने जातो. पंचतंत्रात ससा कट रचतो, म्हणजे तिथे दुबळ्याने बलवानाला फसवून मारण्याचा धडा आहे. वाळवंटातला पक्षी कट रचत नाही. तो पळतो आणि थांबतो, एवढेच. कायोटीने स्वतः खडकावर रंगवलेल्या बोगद्यातून पक्षी खराखुरा बोगदा असल्यासारखा निघून जातो आणि मागोमाग निघालेला कायोटी त्याच खडकावर आदळतो, तेव्हा त्याला फसवणारी वस्तू त्याच्याच कुंचल्यातून उतरलेली असते. इथे सिंह आणि ससा या दोघांचे काम एकाच प्राण्याने केलेले आहे.

खऱ्या प्राण्यांचा हिशेब पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. कायोटी ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावू शकतो आणि रोड रनर पक्षी त्याच्या साधारण निम्म्याच वेगाने. (हा पक्षी कोकिळेच्या कुळातला, आपल्याकडे कुंपणाच्या कडेने तोऱ्यात चालणारा भारद्वाज त्याचा लांबचा भाऊबंद.) म्हणजे कायोटीने सगळी खोकी फेकून देऊन नुसती धाव घेतली असती तरी जेवण मिळाले असते. लहानपणी जोन्सने मार्क ट्वेनच्या १८७२च्या प्रवासवर्णनात कायम भुकेलेल्या कायोटीचे वर्णन वाचले होते आणि हे पात्र तिथूनच आले, असे तो सांगत असे. पण पडद्यावर भूक फक्त सुरुवात करून देते. काटा-चमचा घेऊन धावणारा कायोटी काही वेळातच जेवण विसरतो आणि यंत्राच्या प्रेमात पडतो. म्हणूनच आपल्याला त्याची कीव येते, आणि म्हणूनच त्याच्या आपटण्याला आपण हसतो तेव्हा त्या हसण्यात दुष्टपणा फारसा नसतो.

आता कात्रीच्या इतिहासाकडे वळतो. १९६०च्या दशकात चित्रपटगृहांसाठी बनलेले हे लघुपट अमेरिकेत शनिवार सकाळच्या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमांत आले. पुढची दोनेक दशके तिथल्या वाहिन्यांनी त्यांतले कित्येक प्रसंग कापले. कायोटी कड्यावरून घसरे आणि पुढच्या क्षणी थेट नवा प्रसंग सुरू होई. सुरुंगाची कळ दाबली जाई आणि स्फोटाच्या जागी काहीच नसे. तो काळ पाहता हे समजण्यासारखे होते. १९६९मध्ये सिनेटर जॉन पास्टोर यांच्या आग्रहावरून दूरदर्शनवरील हिंसेचा सरकारी अभ्यास सुरू झाला आणि त्याचा अहवाल १९७२मध्ये आला. १९६८पासून मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी शॅरन यांच्या पुढाकाराने पालकांची एक संघटना मुलांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवून होती. गंमत अशी की या संघटनेचा मुख्य रोख मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर आणि चांगल्या कार्यक्रमांच्या दुष्काळावर होता, आणि शॅरन स्वतः सेन्सॉरशिपच्या उघड विरोधक होत्या. वाहिन्यांनी मात्र स्वस्त मार्ग निवडला. जाहिराती कमी करण्यात उत्पन्न बुडते. चौदा फ्रेम्स कापण्यात काहीच बुडत नाही आणि काही तरी केल्याचे समाधान मिळते.

त्या कापाकापीत शिल्लक काय राहिले, हे विचारायला हवे. शिल्लक राहिले ते सुरुंग पेरणे, नेम धरणे, दगड लोटणे आणि दबा धरून बसणे, म्हणजे दुसऱ्याला मारण्याचा सगळा खटाटोप. गेले ते त्याचे फळ. मूळ लघुपटात मारण्याची प्रत्येक योजना तिच्या कर्त्यावर उलटते. कापलेल्या लघुपटात योजना नुसत्याच होतात आणि त्यांचे काहीच होत नाही. हिंसा मोजणाऱ्या यादीतून आपटणे वजा झाले म्हणून हिंसा कमी झाली असे ज्यांना वाटले, त्यांनी शिक्षा हाच गुन्हा समजून वगळली आणि गुन्हा निरुपद्रवी म्हणून ठेवला.

यावर मानसशास्त्राचा आधार घेऊन उत्तर दिले जाते, आणि ते उत्तर हलके नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांचे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९६३च्या प्रयोगात ९६ लहान मुलांचे गट केले होते; काहींनी मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना प्रत्यक्ष पाहिले, काहींनी चित्रफितीत पाहिले, आणि काहींनी मांजराचा पोशाख केलेल्या व्यक्तीला कार्टूनसारख्या देखाव्यात तेच करताना पाहिले. तिन्ही प्रकारच्या मुलांनी नंतर बाहुलीला बडवले, आणि काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त बडवले. कार्टून आहे म्हणून मुले त्याचे अनुकरण करत नाहीत, हा दिलासा त्या प्रयोगाने काढून घेतला, आणि तो काढून घेतला हे योग्यच झाले.

पण त्या बाहुलीच्या प्रयोगात बडवणाऱ्याला काहीच होत नव्हते, हे विसरून चालणार नाही. बंडुरा यांनीच १९६५मध्ये पुढचा प्रयोग केला तो या मुद्द्यावर. ६६ मुलांना तीच बडवाबडवी दाखवली, मात्र शेवट तीन प्रकारचे ठेवले: एका गटाला बडवणाऱ्याला बक्षीस मिळताना दिसले, दुसऱ्याला त्याला शिक्षा होताना दिसले, आणि तिसऱ्याला काहीच दिसले नाही. ज्यांनी शिक्षा पाहिली त्यांनी अनुकरण सर्वांत कमी केले. काहीच शेवट न पाहिलेली मुले मात्र बक्षीस पाहिलेल्या मुलांच्या जवळपास होती. वाहिन्यांनी कात्री लावून मुलांसमोर ठेवला होता तो नेमका हा तिसरा, शेवट नसलेला प्रकार. प्रामाणिकपणे इथे एक पुस्ती जोडावी लागते. नंतर मुलांना खाऊचे आमिष दाखवून ‘काय पाहिले ते करून दाखव’ असे सांगितले तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी सारखेच करून दाखवले, म्हणजे कृती सगळीच मुले शिकली होती आणि शिक्षेने ती फक्त आवरली गेली होती. माझ्या मताला ही पुस्ती अडचणीची आहे आणि मी ती लपवू इच्छित नाही. पण तिच्यातून निघाला तर ‘हे मुळीच दाखवू नका’ असा निष्कर्ष निघेल. ‘कृती दाखवा आणि परिणाम कापा’ असा निष्कर्ष तिच्यातून कोणत्याही वाटेने निघत नाही.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी मिळून दूरदर्शनवरील हिंसेचा तीन वर्षांचा मोठा अभ्यास केला. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या अहवालानुसार ७३ टक्के हिंसक दृश्यांत हिंसा करणाऱ्याला शिक्षा होत नव्हती, आणि अभ्यासकांनी हीच मोठी चिंतेची बाब मानली. या निकषावर मोजले तर कायोटीचा लघुपट उरलेल्या अल्पसंख्येत जमा होतो. मात्र याच अभ्यासाने आणखी एक निकष लावला होता, आणि त्यावर कायोटी नापास होतो. वेदना आणि इजा खरी दिसते का, हा तो निकष. अ‍ॅकॉर्डियनसारखा चपटा झालेला कायोटी पुढच्या प्रसंगात धडधाकट उभा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती कार्टूनची रीत आहे हे कळते; तीन वर्षांच्या मुलाला ते कळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मला हा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो. म्हणून अगदी लहान मुलांनी हे एकट्याने पाहू नये, हे मला मान्य आहे.

तरीही ‘वेदना दिसत नाही’ या तक्रारीत थोडा अन्याय आहे. अशा पडण्या-आपटण्याच्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात, आणि हा शब्दच मुळी एका फसव्या हत्यारावरून आला आहे. जुन्या इटालियन विनोदी नाटकांत नट दोन सैल फळ्यांची एक काठी वापरत. ती अंगावर मारली की दोन फळ्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई आणि लागे मात्र फारच कमी. म्हणजे आवाज मोठा आणि इजा लहान हे या विनोदप्रकाराचे पहिल्यापासूनचे मान्य खोटे आहे, आणि नाटक पाहणाऱ्याला ते ठाऊक असते. वेदनेची जागा इथे फजिती घेते. तोंड काळे पडलेला, मिशांतून धूर निघणारा कायोटी आपल्याकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत जखम दिसत नाही पण लाज दिसते, आणि मुलांना जखमेपेक्षा लाज फार लवकर कळते, हे बालवाडीत तासभर बसलेल्या कुणालाही पटेल.

इथून मी आपल्याकडे येतो. या लघुपटांचा आपल्याशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि केबलची तार पोहोचलेल्या तालुक्याच्या गावांतही, ज्या घरांत इंग्रजीचे एक वाक्य कुणाला नीट येत नव्हते तिथेही, रोड रनर पाहिला गेला. त्याला भाषांतर लागत नव्हते. या लघुपटांत संवाद नाहीत. आवाज आहे तो ‘बीप बीप’ एवढाच, आणि तोही स्टुडिओतल्या पॉल ज्युलियन या पार्श्वभूमी रंगवणाऱ्या चित्रकाराच्या तोंडचा. संवाद नसल्यामुळेच अर्थाचा सगळा भार घटनांच्या क्रमावर पडतो. बोलपटातले एखादे दृश्य कापले तर निदान पुढचा संवाद मागचा धागा सांगतो. इथे दृश्य गेले की सांगणारे कुणीच उरत नाही.

आपल्या कायद्यात मुलांसाठीची काळजी शब्दांत तरी आहे. केबल दूरदर्शनसाठीच्या १९९४च्या नियमावलीतला सहावा नियम मुलांच्या कार्यक्रमांत असभ्य भाषा आणि उघड हिंसेची दृश्ये नसावीत असे सांगतो. ‘उघड’ या शब्दावर सगळा भर आहे. दृश्य उघड आहे की झाकलेले, एवढेच तो नियम विचारतो. मारतो कोण, मार बसतो कुणाला आणि कशामुळे, हे विचारत नाही. याउलट २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ऑनलाइन मंचांना वयानुसार वर्गीकरण सक्तीचे केले तेव्हा संदर्भ, विषय, एकूण सूर आणि परिणाम पाहून वर्ग ठरवावा असे त्यात स्पष्ट लिहिले, आणि हिंसेबरोबर ‘अनुकरण होईल असे वर्तन’ हाही वेगळा मुद्दा ठेवला. कागदावर हे फारच शहाणपणाचे आहे. पण हे वर्गीकरण लागू होते ते मंचाने स्वतः निवडून मांडलेल्या साहित्याला. वापरकर्त्यांनी चढवलेल्या तुकड्यांना ते लागू होत नाही, आणि आपली मुले आज प्रामुख्याने पाहतात ते तुकडे.

माझ्या मते आजची खरी कात्री इथे आहे. पूर्वीच्या वाहिन्या आपटणे कापून तयारी ठेवत. मोबाइलवरचे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे तयारी कापून आपटणे ठेवतात: धाड, ढिश्क्यांव, धूर, पुढचा तुकडा, पुन्हा धाड. त्यात खोके नाही, नकाशा नाही, दबा धरून बसणे नाही, हवेत थांबून खाली पाहणे तर नाहीच. कुणीतरी एक प्राणी पडतो आणि जळतो, एवढेच दिसते. का पडला, याला त्या तुकड्यात जागा नसते, आणि का हे कळले नाही की फजितीची पुन्हा हिंसा होते. दोन्ही प्रकारच्या कात्र्या वरवर विरुद्ध दिशांनी चालतात, पण कापतात एकच गोष्ट, ती म्हणजे केलेले आणि भोगलेले यांना जोडणारी दोरी. पहिली कात्री निदान मुलांच्या काळजीपोटी चालली होती. दुसरी चालवणाऱ्याला मूल पडद्याला खिळून राहण्यापलीकडे काहीच नको असते.

माझी भाची साडेचार वर्षांची आहे आणि हे तुकडे ती जेवताना पाहत असे. ती हसत असे, पण हसू आवाजाबरोबर येई. धाड झाले की हसू, पुढचे धाड झाले की पुन्हा हसू. एका रविवारी मी तिला शेजारी बसवून एक पूर्ण लघुपट दाखवला. पहिल्या दोन प्रयत्नांत ती जरा चुळबुळली, कारण बराच वेळ ‘काहीच होत नव्हते’. तिसऱ्या प्रयत्नाला कायोटी खोके उघडू लागला आणि ती खोके उघडतानाच हसली. धाड व्हायला अजून बराच अवकाश होता. ‘मामा, हा परत पडणार,’ असे म्हणून ती माझ्याकडे पाहू लागली, आणि तो पडला तेव्हा ती उलट आधीपेक्षा कमी हसली. नंतर तिने विचारले, ‘त्याला कुणी जेवायला का नाही देत?’ एका मुलीवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. तरी तुकडे पाहताना तिने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

व्यवहारात काय करता येईल, याबद्दल माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. केबलच्या नियमावलीत सुधारणा होईल तेव्हा ‘उघड हिंसा’ या शब्दांच्या जोडीला, हिंसा करणाऱ्याचे पुढे काय होते ते पाहावे, अशी एक ओळ घालावी. २०२१च्या नियमांतल्या ‘संदर्भ’ या शब्दाचाच तो विस्तार ठरेल. मुलांसाठी वेगळे दालन ठेवणाऱ्या मंचांनी त्या दालनात तरी मूळ लघुपटांचे तुकडे येऊ देऊ नयेत आणि अधिकृत संपूर्ण लघुपट असेल तर तोच पुढे करावा. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. संगीताचा चोरलेला तुकडा काही क्षणांत ओळखणाऱ्या यंत्रणा त्यांच्याकडे आहेतच. आज त्या मालकाचे पैसे वाचवण्यासाठी वापरल्या जातात. याने मंचांवरची गर्दी कमी होईल, आणि म्हणून ते स्वतःहून करणार नाहीत, हेही मला दिसते आहे. सरकारने प्रत्येक कार्टूनपटाची तपासणी करावी असे मात्र मी म्हणणार नाही, कारण कात्री एकदा हातात आली की ती पुन्हा सोप्या जागीच चालते.

घरातल्या मोठ्यांवर मी जास्त भार टाकत नाही. कामावरून थकून आलेल्या आईबापांना ‘मुलांबरोबर बसा’ असे सांगणे सोपे असते आणि बरेचदा उद्धटपणाचेही. पण रोड रनरच्या बाबतीत तरी मागणी फार मोठी नाही. पूर्ण लघुपट सहा-सात मिनिटांचा आहे, आणि आमच्या भाचीला वाटीभर वरणभात संपवायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो.